मंगळ्यासाठी फोन

घिवली, १२ नोव्हेंबर १९९४

चि. प्रताप,

आशीर्वाद आज लिहवत नाहीत.

आमच्याकडे फोन आल्यापासून अर्ध्या आळीने आमचाच नंबर देऊन ठेवलाय. म्हणून महिन्यापूर्वी आमच्या वाडीत राबणाऱ्या मंगळ्यासाठी फोन आला, तेव्हा मी त्याला हाक मारली. चिकूचं पाणी सोडून तो धावत आला. "बाय, कंपनीचा फोन हाय का?" पलीकडचा माणूस स्कूटरचे हप्ते थकले म्हणून हिंदीत शिव्या देत होता आणि हा म्हणत होता, "हो सायेब, उद्यापासून येतो कामाला."

तेव्हापासून रोज चारला फोन. मंगळ्याला साधी सायकल येत नाही, म्हणून मी रॉंग नंबर सांगून आपटत होते. काल मात्र त्या फोनवाल्यालाच खोदून विचारलं. स्कूटर हिरवी आहे म्हणाला, आणि कर्जाच्या फॉर्मवर मंगळ्याची इंग्रजीत सही. मंगळ्या अंगठा लावतो, प्रताप.

बोईसरला नोकरी लावतो म्हणून गेल्या वर्षी त्याचं रेशनकार्ड आणि फोटो तू नेलास. "दे रे, माझा भाऊ आहे," असं मीच म्हटलं होतं. त्याच दसऱ्याला तुझ्या नव्या हिरव्या स्कूटरला हळदकुंकूही मीच लावलं.

हे पत्र टाकणार नाही. टाकलं तर तू स्कूटर लपवशील. पावणेचार झालेत. मंगळ्या हातपाय धुऊन पायरीवर बसलाय, कंपनीच्या फोनची वाट बघत. आज मी त्या हप्तेवाल्याला तुझ्या उमरोळीच्या घराचा पत्ता देणार आहे.

तुझीच,
दमयंतीताई