ओळखीची फुंकर

२ मार्च

पोचलो एकदाचे! ट्रकवाल्याने बाबांचं शिलाई मशीन असं आपटलं की मी डोळेच मिटून घेतले, पण ते आमच्यापेक्षा दणकट निघालं. नोकरीबरोबर मिळालेलं घर दोन खोल्यांचं आहे. स्वयंपाकघर इतकं अरुंद की भांडी घासायची तर कोपर खिडकीबाहेर काढावं लागेल. न्हाणीघर मात्र ऐसपैस, कुणा हौशी माणसाने त्यात भलामोठा टबसुद्धा बसवलाय. समोर किनारा आणि त्यावर कुरव पक्ष्यांचा बाजार. दिवसभर तारस्वरात भांडतात, कशावरून ते देव जाणे.

बाबा खिडकीशी बसून आहेत. जन्मभर गिऱ्हाइकांची मापं घेता घेता त्यांचे कान किटवणारा हा माणूस, आई गेल्यापासून तोंडाला कुलूप लावून बसलाय. समुद्राच्या हवेने ते उघडेल म्हणून मी ही नोकरी धरली. पगार बेताचाच आहे.

५ मार्च

आई हरवलेली सीलची पिल्लं वाढवायची, हे आमच्या केंद्राचं काम. मला वाटलं होतं, बाटली तोंडात दिली की झालं. छे! पिल्लू बाटलीकडे ढुंकूनही बघेना. मग इथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी युक्ती दाखवली. खाली वाकायचं, नाकाला नाक लावायचं आणि त्याच्या नाकपुड्यांत हळूच फुंकर घालायची. ही जनावरं एकमेकांना श्वासाच्या वासावरून ओळखतात. इथे सगळे असंच करतात. मी लाजले, तर आमचे मुकादम म्हणाले, बाई, ओळखपाळख झाल्याशिवाय तुम्ही तरी कुणाकडे जेवता का? फुंकर घातली आणि पिल्लू गटागटा दूध प्यायलं. केसांना अजून माशांचा वास येतोय.

९ मार्च

आज बाबांना कामावर नेलं. एक पिल्लू नवीनच आलंय, कुणाच्याच हातून पीत नव्हतं. बाबा कुणाला न विचारता गुडघ्यांवर बसले. बराच वेळ नाकाला नाक लावून राहिले. पिल्लू प्यायलं. बाबा म्हणाले, डोळे बघ, कोटाची काळी बटणं लावल्यासारखे. त्याचं नाव बटणच ठेवलं.

घरी येईपर्यंत बाबांच्या तोंडाचा पट्टा सुरू होता. मी नळ सोडून रडले, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

१४ मार्च

किनाऱ्यावर कुरव मरून पडलेत. आधी तुरळक होते, आता भरतीच्या रेषेवर ओळच. जिवंत आहेत ते मान वाकडी करून गोल गोल चालतात. दोन मोठे सील त्या मेलेल्या पक्ष्यांतच लोळत होते. मुकादम म्हणाले, थंडीवाऱ्याने होतं असं कधीकधी. डॉक्टरीणबाईंनी मात्र एक पक्षी पिशवीत भरून तपासणीला पाठवला.

१७ मार्च

बर्ड फ्लू. पक्ष्यांतून सीलमध्ये आलाय. किनाऱ्यावरचे सील डोकं थरथरवतात, सुईत दोरा ओवताना म्हाताऱ्या माणसाचा हात थरथरावा तसं. मग नाकातोंडातून फेस येतो. डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना मास्क दिले. फुंकर बंद. पिल्लं उद्या इंजेक्शन देऊन संपवायची. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते उठून खिडकीशी जाऊन बसले. परत तसेच.

१८ मार्च

मी बटणाला घरी आणलं. माशांच्या क्रेटमध्ये घालून, वरून ओलं पोतं टाकून. ते ठणठणीत आहे, खरंच आहे. दूध पितं, ओरडतं. टबात ठेवलंय. बाबांनी जुन्या कोटाचं अस्तर उसवून त्याला पांघरूण शिवलं. कितीतरी दिवसांनी मशीनचा आवाज ऐकला. मी चूक केली असेन तर केली.

२० मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन. एक पिल्लू कमी कसं, विचारत होत्या. मी म्हटलं, भरतीत वाहून गेलं असेल. मुकादमांना दवाखान्यात नेलंय, दम लागलाय. त्यांच्या बायकोला जवळ बसू देत नाहीत.

बाहेर एकही कुरव ओरडत नाही. त्या भांडणाचा किती राग यायचा मला. आता नुसत्या लाटा.

२२ मार्च

बटणाचं डोकं हलतंय. अगदी किंचित. खेळत असेल. दुपारी बघितलं तर बाबा टबावर वाकलेले, नाकाला नाक लावून. मास्क खाली जमिनीवर. मी ओरडले. ते म्हणाले, अगं, फुंकर घातली नाही तर ते मला ओळखणार कसं?

माझ्यामुळे. हे सगळं माझ्यामुळे—

२३ मार्च

बाबांना ताप. डोळे लाल. कप हातात धरवत नाही. मी मास्क लावला की चिडतात, म्हणतात तोंड दाखव, कोण आहेस तू?

२४ मार्च

डॉक्टरीणबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, गाडी पाठवते, दोघांपासून लांब राहा.

बाबांनी ऐकलं. मी दाराशी गाडी बघायला गेले तेवढ्यात न्हाणीघरात शिरले. आतून कडी. आतून म्हणतात, तुझ्या आईलाही गाडीच घेऊन गेली होती. आली का परत? मी याला नेऊ देणार नाही.

दार ढकललं. खांदा सुजला. कडी हलत नाही.

नंतर

गाडी नाही अजून. दाराला पाठ लावून बसलेय. आत दोन श्वास. बाबांचा भरभर, घरघरणारा. बटणाचा वेगळा— सील झोपेत श्वास रोखून धरतात, मग एकदम सोडतात. दोन्ही चालू आहेत. दोन्ही आहेत तोवर ठीक आहे. बाबांना बोलतं ठेवतेय. कोटाचं माप कसं घ्यायचं विचारलं. खांद्यापासून, म्हणाले. मग काहीतरी पुटपुटले. मग—

गाडीचा आवाज. नाही. लाट होती.

आता एकच श्वास ऐकू येतोय.

बाबांचाच. तापाने दमून हळू झालाय. आजारी माणूस असाच— हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली—

फरशीवरून काहीतरी सरकतंय. ओलं. जड. दारापाशी आलं. थांबलं.

श्वास घेतला. सोडला नाही. अजून नाही सोडला. एवढा वेळ माणूस कसा—

बाबा, तुम्हीच आहात ना, बाबा, एकदा फक्त