गायरानावरची मोटार

६ जानेवारी १९३६, निपाणी
मोटार तयार. निपाणी-बेळगाव लाइनीवर अकरा वर्षं धावून थकलेली प्रवाशांची सर्व्हिस मोटार आहे. बाकडी काढून खाट बसवली, फळी ठोकली, पडदे लावले. स्टोव्ह, पाण्याचं पिंप आणि पाणी गाळायचं फडकं घेतलं. आता घरभाडं नाही, शेजारी नाहीत, म्युनिसिपालटी नाही. सरकारी जमीन कुणाच्या बापाची नसते.

तीस वर्षं चिकोडीच्या कचेरीत लोकांच्या जमिनींचे नकाशे उतरवले. त्यातल्या एकाही जमिनीवर कधी बसलो नाही. रिटायर झालो त्या दिवशी मेहुणे आण्णासाहेब हार घालून सगळ्यांसमोर म्हणाले, "आता दाजी दारातल्या सोप्यात बसून जपमाळ ओढणार." सगळे हसले. मी तिथंच ठरवलं.

राजमती येत नाही म्हणाली. "तुमी जावा की. मी कुटं त्या डब्यात?" मी आग्रह केला नाही. आठ दिवसांत येईल. माझ्याशिवाय तिचं चालत नाही.

९ जानेवारी, गुंजी
प्लॅन असा: खानापूर, गुंजी, लोंढा आणि तिथून गोव्याच्या हद्दीपर्यंत. कुठंही तीन दिवसांपेक्षा जास्त मुक्काम नाही. बेळगावच्या खासबागेतला शामू ड्रायव्हर म्हणून घेतला. गुंजी स्टेशन ओलांडून गायरानात शिरलो आणि इंजिनात मोठा आवाज झाला. शामू खाली शिरला, बाहेर आला, हात पुसत म्हणाला, "मालक, ही आता कुटं जाईत न्हाय." पार्ट घेऊन येतो म्हणाला आणि दुपारच्या गाडीनं बेळगावला गेला.

मला मुळात इथंच थांबायचं होतं. जागा उत्तम. मागं रान, पुढं ओढा.

सायंकाळी ५.३०. भात ठेवला. स्टोव्ह पेटेना. पिन घरी राहिली.
६.२०. सूर्य मावळला. भात कच्चा. आम्ही जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही. सबब उपवास.

१० जानेवारी
उपवास. डोकं फार साफ होतं.

१२ जानेवारी
उपवास. दुपारी चुरमुरे खाल्ले होते, त्यामुळे पूर्ण धरता येणार नाही.

गावचा पाटील भरमा आला. "रावसाब, मोटार हलवा." मी सांगितलं, गायरान सार्वजनिक आहे आणि मी सार्वजनिकांपैकी आहे. तो म्हणाला, "तसं न्हाय वो, पर ही मोटार हितं..." मी पुढं बोलू दिलं नाही. नियम तोंडपाठ आहेत, नंबरासह म्हणून दाखवले. डोकं खाजवत गेला. पूर्ण विजय.

१५ जानेवारी
सकाळ-संध्याकाळ म्हशी येऊन मोटारीला अंग घासतात. खाट हलते. काल पिंप कलंडलं. या म्हशी पाटलानंच मुद्दाम सोडल्या असणार. मामलेदारांना अप्लिकेशन लिहिलं. इंग्रजीत, चार पानं. नक्कल माझ्यापाशी.

शामूचा पत्ता नाही.

१८ जानेवारी
पाटील पुन्हा आला, बरोबर तिघं. "आट दिसांत हलवा, न्हायतर मानसं लावून ढकलून देतो." म्हणजे धमकी! मी पायरीवर उभा राहून सांगितलं, मी इंग्रज साहेबाच्या हाताखाली तीस वर्षं काढली आहेत, मोटार एक इंच हलणार नाही. (ती तशीही हलत नाही, पण हे बोललो नाही.) तो परत काहीतरी सांगायला लागला. मी दार लावून घेतलं.

दुसरं अप्लिकेशन. सहा पानं.

रात्रीची थंडी किरकोळ आहे. अंगात दोन सदरे, कोट, वरून मोटारीचा पडदा.

१९ जानेवारी
राजमतीला कार्ड टाकलं: "प्रकृती उत्तम. काळजी नसावी. येण्याची मुळीच गरज नाही. येताना जाड रजई, लोणचं आणि स्टोव्हची पिन आणावी."

२५ जानेवारी
सकाळच्या गाडीनं राजमती आली. ट्रंक, रजई, लोणचं, पिन.

मी मनाशी ठरवलं होतं की तिनं तीनदा विनवल्याशिवाय घरी यायला कबूल व्हायचं नाही. नंतर विचार केला, दोनदा पुरे. थंडी तिला सोसणार नाही.

तिनं एकदाही विनवलं नाही. दुपारी पाटील आला तेव्हा मी नियमांची वही काढायला आत गेलो, तेवढ्यात तिनं त्याला विचारलं, "दादा, अडचन काय हाय?"

पाटील म्हणाला, "आक्का, ही मोटार गुरांच्या वाटंवरच हुबी हाय बगा. गुरं हितनंच वड्याला पान्यावर उतरत्यात. लई न्हाय, इस पावलं तिकडं सरली तरी बास. सायेब बोलूच देत न्हाईत."

आठ माणसं आली. ढकलली. पाव तास लागला. मला आतच बसा म्हणाले. संध्याकाळी पाटलाच्या बायकोनं, रुक्माबाईनं, चरवीभर दूध पाठवलं.

माझ्या दोन अप्लिकेशनांचं वजन पडलं हे उघड आहे.

पाच वाजता जेवलो. भात, आमटी, लोणचं. तीनदा वाढून घेतलं.

२८ जानेवारी
म्हशी आता येत नाहीत. त्यांची वाट ती होती. पाटलानं हे आधी सांगायला हवं होतं.

रुक्माबाई आणि आणखी दोघी दुपारी येऊन बसतात. कानडी-मराठी सगळं चालतं. मी आत खाटेवर पेपर वाचतो. पेपर जुना आहे.

३० जानेवारी
मीच विषय काढला. म्हटलं, तुझी प्रकृती बघता, केवळ तुझ्यासाठी, मी निपाणीला परतायला तयार आहे.

ती पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. पाय गवतात. म्हणाली, "मी हितंच र्‍हातो. तुमास्नी जायाचं असलं तर जावा."

कारण विचारलं. तांदळातले खडे गवतात टाकले. मग रानाकडं बघत म्हणाली, "हितं मला कोन हाक मारत न्हाय."

तिचा चेहरा वेगळाच दिसला. लग्नातही मी तो नीट पाहिला नव्हता, मुंडावळ्या होत्या.

बोलणं विचित्र आहे. घरात आम्ही दोघंच. तिथं तिला इतकी हाक कोण मारतं, याची चौकशी केली पाहिजे.

१ फेब्रुवारी
पाटील येऊन म्हणाला, "आक्का र्‍हाऊ देत, पायजे तेवडे दिस. गाव हाय की." माझ्याबद्दल काही बोलला नाही. अर्थात नियमानं मला परवानगी लागतच नाही.

कुणीतरी घर सांभाळलं पाहिजे. जबाबदारी पुरुषाचीच. दुपारच्या गाडीनं निघालो. ती स्टेशनपर्यंत आली, शिदोरी दिली, "जपून जावा," म्हणाली. गाडी हलायच्या आधी वळली. रुक्माबाई फाटकात थांबली होती.

२ फेब्रुवारी, निपाणी
आण्णासाहेब आले. "आक्का कुटाय?" मी ठासून सांगितलं, "आमच्या गुंजीच्या जागेवर. हवापालटाला मीच ठेवली आहे." कधी येणार म्हणाले. ते माझ्या परवानगीवर अवलंबून आहे, असं सांगितलं. ते सोप्यात टेकले. मी मुद्दाम बसलो नाही. ते जाईपर्यंत उभा राहिलो.

३ फेब्रुवारी
सकाळी ६. उठलो. चष्मा कुठं आहे म्हणून हाक मारली.
६.१०. पंचा.
६.१५. गरम पाणी.
६.३०. पुन्हा चष्मा.
७.००. चहासाठी हाक मारायला तोंड उघडलं. मिटलं. चूल पेटवायला बसलो.

हे मी माझ्या मर्जीनं केलं.