आक्का वज्रेश्वरीला गेली

शेलार, भिवंडी
पौष शुद्ध नवमी

सौ. द्रौपदीस केसरीनाथाचे मनःपूर्वक आशीर्वाद.

देवीकृपेने आम्ही कुशल आहोत आणि आज भरल्या मनाने लिहितो आहे.

प्रितमच्या मानसिक आजारापायी आक्का नऊ वर्षे घराबाहेर पडली नव्हती, हे तू जाणतेसच. त्याची गोळी ती वरणात लपवून देई. त्याला ते कळले आणि त्याने आईच्या हातचे अन्नच सोडले. असत्यासह दिलेले औषध लाभत नाही, असे मी तिला बोललो खरा; पण तिच्या जागी मीही तेच केले असते.

मग रोज पूजेनंतर मी माझी रक्तदाबाची गोळी त्याच्यासमोर घेऊ लागलो. बाराव्या दिवशी तो म्हणाला, "मामा, तुमालाबी जनमभर हाय का ही?"

"हाय रे बाबा."

"मंग एकल्यानं कशाला घेता? माझीबी आना."

तीन आठवडे झाले, आम्ही शेजारी बसून गोळ्या घेतो आणि तो आईच्या हातचे जेवतो. अजून मधूनच भिंतीशी बोलतो. डॉक्टर धीर धरा म्हणतात. मला परतण्यास विलंब होईल, रागावू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

काल आक्का शेजारणींबरोबर वज्रेश्वरीला गेली, गरम कुंडात मनसोक्त न्हाली आणि दिवेलागणीला आली. प्रितम ओटीवर शांत बसला होता. तिने त्याला डोळे भरून पाहिले आणि हळूच मला म्हणाली, "केसरी, उद्या परत जाव का?"

मी म्हटले, "जा, आक्का. खुशाल जा."

जगदंबा तुझे रक्षण करो.

तुझा,
केसरीनाथ