ओइवाच्या सौन्यातला धूर

३ जानेवारी, शनिवार
आजपासून नवं आयुष्य. ब्लड प्रेशर वाढलंय, असं आरोग्य केंद्रातली डॉक्टरीण म्हणाली. वय इतकं कोवळं, की मी नोकरीत असतो तर तिला ड्रायव्हिंग शिकवत असतो. म्हणाली, गोळ्या नियमित घ्या. सौना चालेल, पण बेताने. वरच्या फळीवर बसू नका, पाणी पीत जा, एकटे जाऊ नका. थोडक्यात, सौना घ्या असं म्हणाली. गोळ्यांचं मात्र दोनदा सांगितलं. का? एकदा सांगितलेलं मला कळतं. तिच्या भिंतीवर औषध कंपनीचं कॅलेंडर होतं. जे समजायचं ते मी समजलो.
संकल्प: रोज सौना. गोळ्या ड्रॉवरमध्ये, मोज्यांखाली. केर्त्तूला सांगायची गरज नाही. बायको काळजी करते, आणि तिच्या काळजीने माझं प्रेशर वाढतं.

५ जानेवारी
बिल्डिंगच्या तळघरातला सौना, म्हणजे सगळ्या रहिवाशांची मिळून एक वाफेची खोली. वरची फळी. गरम हवा वर जाते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. डॉक्टरणीला नाही.
थर्मामीटरचा काटा हवा तिथे नव्हता. कुणीतरी शेगडीचं बटण कमी केलंय. संशय राउनी साल्लिनेनवर. ही आमच्या सोसायटीची चेअरमन. जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, काय मिस्टर लेहतोला, रोज सौना? मी म्हटलं, तब्येतीसाठी. ती नुसतं हं म्हणाली. त्या 'हं'मध्ये बरंच काही होतं.

६ जानेवारी, सुट्टी
स्वतः बटण वाढवलं. शेगडीवरच्या तापलेल्या दगडांवर भरपूर पाणी टाकलं. वाफ उत्तम. नंतर काही वेळ जमिनीवर आडवा होतो. खालच्या थरात हवा कशी असते ते तपासायचं होतं. एवढ्यात राउनी पुढच्या पाळीची माणसं घेऊन आत आली आणि किंचाळली. म्हणाली, ॲम्ब्युलन्स बोलावू का? मी म्हटलं, निरीक्षण चालू आहे. ती म्हणाली, मग डोळे मिटून कसलं निरीक्षण करताय?
 

८ जानेवारी
शेगडीच्या बटणावर कुलूपबंद डबी बसवलीय. सूचना फलकावर 'काही रहिवाशांमुळे' असं लिहिलंय. काही! माझ्याविरुद्ध फळी उभी राहिलीय हे नक्की. पण किती जणांची?

१० जानेवारी, शनिवार
तळघरातलं बटण कुलपात, म्हणून ओइवाला फोन केला. ओइवा म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. तलावाच्या पलीकडच्या काठावर त्याचं घर आणि लाकडावर तापणारा खरा सौना. वर्षानुवर्षं आमचा शनिवार तिथेच. आधी बायका, म्हणजे केर्त्तू आणि ओइवाची हेल्वी. मग आम्ही दोघं. मग सॉसेज.
हेल्वी ऑक्टोबरात गेली. हृदय. अंत्यविधीनंतरच्या शनिवारी मी मुद्दाम ओइवाकडे गेलो, त्याचं मन दुसरीकडे वळवायला. वाफेने रक्तवाहिन्या कशा मोकळ्या होतात ते नीट समजावलं. हेही म्हटलं, की हेल्वीने वाफ कधी मनावर घेतली नाही. घटकाभर बसली की चालली बाहेर. शास्त्रीय माहिती होती, दुसरं काही नाही. तो उठून बर्फात गेला तो परत आत आलाच नाही. तेव्हापासून सौना बंद आहे म्हणतो.
आज फोनवर पुन्हा तेच. बंद आहे, आर्मास. आणि ठेवून दिला.
दुपारी केर्त्तू जरा जाऊन येते म्हणून गेली. पिशवीत टॉवेल होता.

१२ जानेवारी
आठवून पाहिलं. केर्त्तू नोव्हेंबरपासून दर शनिवारी 'जरा जाऊन' येते. माझ्या लक्षात कसं आलं नाही? लक्षात आलं होतं. मी फक्त पुरावे जमा होऊ देत होतो.

१७ जानेवारी, शनिवार
स्वयंपाकघराच्या खिडकीतून पक्षी पाहायच्या दुर्बिणीने पाहिलं. ओइवाच्या सौन्याच्या धुराड्यातून धूर! 'बंद' सौन्यातून! आणि गोठलेल्या तलावावरून एक लाल टोपी तिकडे निघालेली. ती टोपी मी ओळखतो. वाढदिवसाला मीच दिलीय.
परत आली तेव्हा केस ओले, अंगाला बर्चच्या लाकडाच्या धुराचा वास. मी सहज म्हटलं, धुराचा वास येतोय. ती म्हणाली, वास येतोय ना? मग नाक तरी ठणठणीत आहे म्हणायचं.
ही टाळाटाळ नाही तर काय आहे?

२० जानेवारी
केर्त्तू काहीतरी राखाडी विणते. मी आलो की टोपलीत सरकवते. आज ती दुकानात गेली तेव्हा काढून पाहिलं. पुरुषाचा स्वेटर. घालून पाहिला. बाह्या गुडघ्यांपर्यंत. एवढे लांब हात आमच्या ओळखीत एकाच माणसाचे आहेत.
प्रेशर मोजलं नाही. मशीनवरही आता भरवसा नाही.

२१ जानेवारी
ठरलं. ओइवापेक्षा चांगली तब्येत करायची. काठावरच्या बर्फात पोहणाऱ्यांसाठी पाडलेलं भोक आहे, तिथे गेलो. पायाचा अंगठा बुडवला. पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं. दोन म्हाताऱ्या माझ्या शेजारून गळ्यापर्यंत उतरल्या आणि गप्पा मारत राहिल्या. तरुणपणापासूनची सवय असणार.

२४ जानेवारी, शनिवार
आज छडा लावला. सगळं जसं झालं तसं लिहितो.
तीनला केर्त्तू निघाली. मी मागोमाग, पण अंतर ठेवून. तलावावर लपायला जागा नसते; वळली असती तर मासेमारीला आलोय म्हणणार होतो. गळ आणला नव्हता, पण ती तेवढं बारकाईने पाहत नाही. जानेवारीतला उजेड, एवढ्यातच जायच्या बेतात होता. सौन्याच्या मागे लाकडांची रास आहे, तिच्याआड उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. सुरुवात 'ओइवा, शाळेपासून' अशी होती.
कपडे बदलायच्या खोलीला छोटी खिडकी आहे. आत डोकावलो. केर्त्तू बाकावर. एकटी. अंगात ओव्हरकोट, डोक्यावर टोपी, हातात विणकाम. आतलं दार बंद. दाराच्या वर मिणमिणता दिवा.
आत ओइवा खोकत होता. बराच वेळ. मनात म्हटलं, छातीत कफ, वाफ कमी पडतेय. मग लक्षात आलं, तो खोकला नव्हता.
केर्त्तू टाके घालत होती. दाराकडे पाहतही नव्हती.
नीट ऐकू यावं म्हणून मी एका ओंडक्यावर चढलो. रास कोसळली. मी तिच्यासकट.
केर्त्तू बाहेर आली. मला वाटलं, आता ओरडणार. तिने ओठांवर बोट ठेवलं, कॉलर धरून मला आत ओढलं आणि बाकावर बसवलं. कपाळावर खरचटलं होतं ते टॉवेलने पुसलं. मग लोकरीचा गुंडा माझ्या हातात दिला. धर, म्हणाली.
आतून ओइवाने विचारलं, कोण आहे? केर्त्तू म्हणाली, आर्मास.  दगडांवर पाणी पडल्याचा आवाज झाला. मग तो म्हणाला, बरं.
मी खुलासा करणार होतो. केर्त्तूने माझ्या पायावर पाय दिला. बूट घालून.

२५ जानेवारी
सकाळी केर्त्तूने सांगितलं. मी विचारलं म्हणून नाही. मी विचारायचं टाळत होतो. हेल्वी गेल्यापासून ओइवाला सौन्यात एकट्याने बसवत नाही. तापवतो, दारापर्यंत जातो, परत फिरतो. नोव्हेंबरात त्याने हिला विचारलं, तू नुसती बाहेर बसशील का? म्हणून ही बसते. त्याचं झालं की तो घरात जातो, मग उरलेल्या वाफेत ही आंघोळ करते. स्वेटर हेल्वीने अर्धा विणून ठेवलेला. बाह्या हिच्या.
मी म्हटलं, मला का नाही सांगितलं? केर्त्तू म्हणाली, अरे, सांगितलं असतं तर तू आला असतास.
दिवसभर या वाक्याचा विचार केला. सगळ्या बाजूंनी पाहिलं. कौतुक कुठल्याच बाजूने निघत नाही.

२७ जानेवारी
केर्त्तूला मोज्यांखाली गोळ्या सापडल्या. तिने पाण्याचा ग्लास समोर ठेवला आणि उभी राहिली. तिच्या समाधानासाठी एक घेतली. रोज तिच्या समाधानासाठी घ्यावी लागेल असं दिसतंय.

३१ जानेवारी, शनिवार
दोघं मिळून गेलो. ओइवाला चालेल, असं केर्त्तू म्हणाली होती, पण त्याच्या तोंडून ऐकलेलं नसल्याने मी सावध होतो. बाकावर बसलो, गुंडा धरला. थोड्या वेळाने आतलं दार उघडलं. ओइवा म्हणाला, थंडीत कशाला बसतोस? ये आत.
वर एका बाजूला तो. वरच्या फळीवर दुसरीकडे जागा होती, तिकडे निघालो. तो म्हणाला, तिथे नको. हेल्वी बसायची.
मी खालच्या फळीवर बसलो. वरच्या त्या जागी लाकूड बसून बसून गुळगुळीत झालंय. घटकाभर बसणाऱ्या बाईने होईल एवढं नाही.
बोलण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. झरोका चुकीच्या उंचीवर आहे, लाकूड ओलं आहे, आणि ऑक्टोबरातल्या त्या शनिवारबद्दलही एक वाक्य.  
ओइवाने पाण्याचा डाव माझ्याकडे दिला. एकच टाक, म्हणाला. मी एकच टाकला.

१ फेब्रुवारी, रविवार
एक गोष्ट मात्र स्वच्छ करून घ्यायला हवी होती. नाश्त्याला केर्त्तूला विचारलं, नोव्हेंबरपासून इतके शनिवार तुम्ही दोघं तिथे होतात, माझ्याबद्दल काय काय बोललात?
काही नाही, ती म्हणाली.
मी म्हटलं, मला वाईट वाटणार नाही. तो माझ्यावर चिडला असेल. तूही काही म्हणाली असशील. स्पष्ट सांग.
तिने ब्रेडवर लोणी लावायचं थांबवून खरंच आठवून पाहिलं. मग म्हणाली, नाही रे आर्मास. तुझा विषयच निघाला नाही.