मांडवातला दुखवटा

आण्णा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला थोडं थांबावं लागतं. समोरासमोर बसून बोलायची आपल्याला सवय नव्हतीच. तुम्ही कुपवाडच्या कारखान्यातून यायचात, हातपाय धुऊन रेडिओ लावायचात, आणि मग घरात काय बोलायचं ते रेडिओनंच. म्हणून हे लिहून विचारते आहे. विचारायचं एकच आहे, पण नीट मांडता येईल की नाही याची खात्री नाही. माझ्या लग्नादिवशी सकाळी तुम्ही रडलात. ते कोणासाठी, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या वर्षी अधिक महिना आला होता, त्यामुळे सगळी लग्नं मागे सरकून मे महिन्याच्या शेवटाला गोळा झाली होती. त्यातच निवडणूक. आपल्या गल्लीच्या भिंतीवर पक्षांची चिन्हं रंगवलेली, आणि त्यांच्यावरच कुणीतरी चुन्यानं बाण काढून माझ्या लग्नाचा मांडव कुठे आहे ते दाखवलं होतं. मी आतल्या खोलीत बसलेली. हळद लागलेल्या पोरीनं उंबऱ्याबाहेर जायचं नाही, म्हणून तो सगळा दिवस मी खिडकीच्या गजांतून पाहिला. त्यामुळेच कदाचित मला तो तुकड्यातुकड्यांनी आठवतो. मांडवाच्या मेढीला आरसा टांगून तुम्ही दाढी करता आहात. खुर्चीवर रेडिओ. बातम्या सुरू होतात, आणि आदल्या रात्री दक्षिणेत प्रचारसभेच्या ठिकाणी बॉम्बस्फोट झाला, माजी पंतप्रधान गेले, असं तो माणूस सांगतो. तुमचा हात थांबतो. अर्ध्या गालाला साबण तसाच. आई कणकेच्या हातानं बाहेर येते आणि म्हणते, "आवं, आता लग्नाचं कसं व्हायचं?"

गेलेल्या माणसाच्या पक्षाला तुम्ही जन्मात मत दिलं नव्हतं. आदल्या दिवशीपर्यंत रेडिओशी भांडत होता, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. तुम्ही उरलेली दाढी केलीत, तोंड पुसलंत, आणि टोपी घालून कोपऱ्यावर गेलात. त्या वेळी तुमच्या डोळ्यांत पाणी होतं का? मला वाटतं नव्हतं. पण मी ते पाहिलं, की नंतर मनानं तसं ठरवून टाकलं, हे सांगता येत नाही.

थोड्या वेळात दुकानं बंद झाली. नाक्यावर दगडफेक झाली, एसटी जागच्या जागी थांबल्या. वाजंत्रीवाले मिरजेहून सायकली मारत आले आणि मांडवाच्या कडेला अवघडून उभे राहिले. "मालक, वाजवायचं का न्हाई?" तुम्ही म्हणालात, "आज न्हाई वाजवायचं. बसा. जेवल्याबिगर जाऊ नका." शेजारचे म्हणायला लागले की लग्न पुढं ढकला, वऱ्हाड साताऱ्याहून येणार कशानं? त्यावर आईच आतून ओरडली, "हळद लागलीया पोरीला! पुढं ढकलाय ती काय पालिकेची मीटिंग हाय?" माणसं हसली आणि लगेच गप्प झाली. कुणाच्या तरी घरातून रेडिओवरची ती दुखवट्याची सनई ऐकू येत होती. दुसरीकडे आचारी बुंदी पाडत होता.

याच सकाळी कधीतरी शिराळ्याच्या बाजूनं आत्याचा पुतण्या मोटरसायकलवरून आला. आत्या म्हणजे तुमची थोरली बहीण. आजी लवकर गेली म्हणून तुम्हाला तिनंच लहानाचं मोठं केलं. विधवा झाल्यावरही ती सासरच्या गावीच, दिराच्या घरात राहिली. त्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली होती, तरी लग्नाला येणार म्हणून हट्ट धरून बसली होती. पुतण्या आणि तुम्ही पाण्याच्या पिंपापाशी उभं राहून बोललात. शेजारच्या बाईनं त्याच्यापुढं चहाचा कप धरला. त्यानं तो घेतला नाही, मान हलवली, आणि आला तसा गाडीला किक मारून गेला. तुम्ही आत येऊन आईला म्हणालात, "गाड्या बंद हायत. आक्काकडचं कोन येत न्हाई." नंतर मी खिडकीतून पाहिलं तेव्हा तुम्ही मांडवात एकटेच उभे होता आणि पंच्यानं डोळे पुसत होता. पुसत होता म्हणजे एकदा नव्हे. तुमचे खांदे हलत होते. मी तुम्हाला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, रेडिओमुळे. की हे मी तो यायच्या आधी पाहिलं होतं? आण्णा, मी किती वेळा तो क्रम लावून पाहिला, तो लागत नाही. कधी पुतण्या आधी येतो, कधी तुमचं रडणं आधी येतं.

वऱ्हाड दोन जीपगाड्यांतून आडमार्गानं तासगावकडून आलं. निम्मी माणसं मागेच राहिली होती. जीप कोपऱ्यावर थांबल्या आणि पुढे येईनात. त्यांना मांडव दिसला, पण वाजंत्री नाही. पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं गप्प उभी. सनई तीही रडकी. कोपऱ्याच्या खांबाला पोरांनी काळं फडकं बांधलेलं. आणि पुढे झालेला नवरीचा बाप, डोळे लाल. ह्यांचे मामा जीपमधून उतरले आणि तिथूनच त्यांनी हात वर केला.

"पाव्हणं, हितंच थांबा. घरात कोन गेलंय?"

तुम्ही म्हणालात, "रेडिओ ऐकला न्हाई व्हय? देशाचा मानूस गेला."

"ती ऐकलं. मी तुमच्या भावकीतलं इचारतोय. सुतक असंल तर आत्ताच सांगा, आमी हितनंच माघारी फिरतो. मागनं कळलं तर लय वाईट हुईल."

तुम्ही टोपी काढून पुन्हा घातलीत. मी खिडकीचा गज धरून उभी होते. माझं सगळं आयुष्य त्या कोपऱ्यावर अडकून पडलं होतं आणि मला पाऊल बाहेर टाकता येत नव्हतं. शेवटी तुम्ही इतकंच म्हणालात, "आत चला. मुहूर्त टळंल."

"पर एवढं डोळं सुजल्यात त्ये?" मामांनी सोडलं नाही.

तेवढ्यात त्यांच्यातलाच एक जण म्हणाला, "आवं मामा, पाव्हण्यास्नी तिकीट पायजे असंल, रडू द्या की!" सगळे हसले, मामाही हसले, आणि जीप पुढे आल्या. असं माझं लग्न लागलं. कुणीतरी एक विनोद केला म्हणून.

कन्यादानाच्या वेळी तुमच्या ओंजळीतलं पाणी सारखं सांडत होतं. भटजी म्हणाले, हात स्थिर धरा. मंगलाष्टकं हलक्या आवाजात झाली. निम्मं वऱ्हाड नव्हतं, म्हणून जेवण भरपूर उरणार होतं. तेव्हा तुम्ही स्वतः फाट्यापर्यंत चालत गेलात आणि अडकलेल्या एसटीतल्या लोकांना घेऊन आलात. मला ती अनोळखी माणसं आठवतात. त्यांच्यातली एक म्हातारी बुंदी खाता खाता त्या गेलेल्या माणसाची आठवण काढून रडायची, पुन्हा खायची, आणि माझ्याकडे बघून म्हणायची, "सुखी ऱ्हा गं बाई." तुम्ही तिच्या पानात वाढत होता. वाढताना तुमचा चेहरा कसा होता, ते मात्र आठवत नाही.

मांडवपरतणीला मी आले तेव्हा आईनं सांगितलं की आत्या गेली. "कधी?" म्हटलं तर म्हणाली, "तुझं लगीन झाल्यावर, दुसऱ्या पहाटं." तुम्ही शिराळ्याला गेला होता. मी रडले, सासरी परत गेले, आणि वर्ष-दीड वर्ष माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. मग साताऱ्यात आमच्या शेजारी एक मयत झालं. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी पाणी द्यायला गेले, तर सासूबाईंनी मला मागे ओढलं. मयताचा सांगावा घेऊन आलेला माणूस त्या घरी घोटभर पाणीही घेत नाही, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तांब्या हातात धरून उभी राहिले. मला तो चहाचा कप आठवला.

अक्षता पडेपर्यंत मयताची बातमी दाबून ठेवायची, ही आपल्याकडची जुनीच रीत. ती मी कित्येकांच्या तोंडून ऐकली आहे. पण आपल्या घरात तसं झालं का? पुतण्यानं चहा नाकारला तो घाईमुळे असेल, दगडफेकीच्या भीतीनं असेल. पुढे एकदा तो कुणाच्या तरी बाराव्याला भेटला. तेव्हा बोलता बोलता म्हणाला होता, "काकी गेली तवा रेडिओवर तीच सनई चालू हुती बघा." पण ती सनई तर पुढे कित्येक दिवस चालूच होती. त्यावरून काय कळणार? आईला विचारलं तर म्हणाली, "मी भाताकडं बघत हुते, मला काय म्हायती?"

तुम्हालाही मी एकदा विचारलं. आठवतं का? दुपारच्या सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन कुपवाडला आले होते. कारखान्याच्या दारातल्या लिंबाखाली तुम्ही बसला होता, हाताला ग्रीसचा वास. मी म्हटलं, "आण्णा, माझ्या लग्नादिवशी तुम्ही का रडला?" तुम्ही भाकरी मोडत म्हणालात, "मानूस मेल्यावर रडत्यात. त्यात काय इचारायचं?" मी म्हटलं, "कुठला माणूस?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागावलात असं नाही, पण पुन्हा विचारायचं नाही हे मला कळलं. "ऊन हाय," म्हणालात, "तू लवकर घरला जा." त्यानंतर तुमची तब्येत बिघडत गेली, आणि ते राहूनच गेलं.

मला सुतकाचं भय वाटत नाही. संसार व्हायचा तसा झाला, बरा झाला. मला कळत नाही ते वेगळंच. ज्या बहिणीनं तुम्हाला वाढवलं तिची तिकडे तिरडी उचलली असेल, आणि तुम्ही इकडे अनोळखी माणसांच्या पानात बुंदी वाढत असाल, तर ते तुम्ही कसं केलंत? आणि तसं नसेल, तर ज्या माणसाच्या पक्षाला तुम्ही रोज शिव्या द्यायचात त्याच्यासाठी इतकं कसं रडलात? की मुलगी जाणार म्हणून? दोन्हीकडून मला तुम्ही ओळखीचे वाटत नाही.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्या इस्लामपूरच्या स्टँडवर भेटला. आता त्याचेही केस पांढरे झालेत. आपणहून म्हणाला, "ताई, तुमच्या लग्नादिवशी मी आलतो न्हवं, ती एक सांगायचं राहिलंय..." मी लगेच म्हटलं, "माझी गाडी लागली वाटतं." गाडी लागली नव्हती. मी दुसऱ्याच फलाटावर जाऊन उभी राहिले.

आमच्या ऑफिसात दर मे महिन्यात, माझ्या लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, सगळ्यांना व्हरांड्यात उभं करून दहशतवादाविरुद्ध शपथ देतात. उजवा हात पुढे धरायचा आणि साहेब म्हणतील तसं म्हणायचं. मग जो तो आपल्या टेबलाकडे जातो, चहा येतो. इतकी वर्षं मी ती शपथ घेते आहे. या वर्षी शपथ मध्यावर आली आणि मला एकदम रडू आलं, थांबेना. सगळे बघायला लागले. शेजारच्या टेबलावरची नवीन मुलगी घाबरून माझा हात धरून म्हणाली, "मॅडम, तुम्हाला तो दिवस आठवतो का? तुम्ही तेव्हा मोठ्या असाल. फार मानत होता का त्यांना?"

हे कागद मी घरात ठेवणार नाही. मामा अजून आहेत, आणि त्यांचं काही सांगता येत नाही. पण आण्णा, तुम्हाला एक सांगते. मी त्या मुलीला हो म्हटलं. आणि ते अगदी खोटं होतं असंही मला वाटलं नाही.