आरमाराचं नवं नाव

पोर्ट्समथ, ५ जानेवारी १९०५

चि. क्लेमन्ट यास ताईचे आशीर्वाद, वि. वि.

हे पत्र वाचायला तू आहेस ना रे? काल छापून आलं, तुझ्या चॅनेल आरमारातल्या एका जहाजाची होडी परवा, ३ तारखेला उलटली, नऊ खलाशी बुडाले. जहाजाचं नाव नाही, माणसांची नाहीत. आई ऐकूनच मटकन खाली बसली. डोळ्यांत पाणी नाही.

शेजारच्या पफेटबाई कालपासून आईचा हात धरून बसल्यात, तिला सूप भरवताहेत. म्हणाल्या, माझा रूबेन होम आरमारात सुखरूप आहे, तसा तुमचा क्लेमन्टही असेल, देव इतका दुष्ट नाही.

उलट टपाली चार ओळी लिही. जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
हेस्टरताई

जिब्राल्टर, १ जानेवारी १९०५

ती. ताईस क्लेमन्टचा सा. न. वि. वि.

नव्या वर्षाची गंमत ऐक. काल झोपलो चॅनेल आरमारात, आज उठलो अटलांटिक आरमारात! लंडनच्या साहेबांनी सगळी उलथापालथ केलीय. आमचा तळ आता जिब्राल्टर. तुम्ही तिकडे कुडकुडा, मी इथे संत्री खातो.

रिकामं पडलेलं चॅनेल हे नाव होम आरमाराला बहाल झालं. आम्हा चॅनेलवाल्यांना शिष्ट म्हणणारा आपला रूबेन जागचा न हलता चॅनेलवाला झाला! पफेटबाईंना माझ्या नावानं भरपूर चिडव.

आईला म्हणावं, माझ्या वाटचं पुडिंग ठेव. माया असू दे.

तुझा,
क्लेम

पोर्ट्समथ, ६ जानेवारी १९०५

चि. क्लेमन्ट यास आशीर्वाद.

तू आहेस. आधी हेच लिहिते.

तुझं पत्र आज दुपारी आलं. शिक्क्यावरची तारीख अपघाताआधीची, म्हणून आई पाकिटाला हातच लावेना. पफेटबाईच म्हणाल्या, मोठ्यानं वाच गं. जिब्राल्टर आणि अटलांटिक ऐकलं आणि आई ओक्साबोक्शी रडायला लागली. पफेटबाई तर तिच्याहून जास्त, रडता रडता हसतही होत्या. त्या आनंदात मी वाचतच सुटले. रूबेनचं नाव आलं तेव्हा जीभ आवरायला हवी होती, पण ओळ तोंडून निघून गेली. तुझी थट्टा माझ्याच तोंडून झाली रे.

पफेटबाईंच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं. आईनं त्यांच्या हातातला वाडगा काढून घेतला आणि त्यांचा हात धरला. बातमीतलं चॅनेल म्हणजे आता रूबेनचंच आरमार; बुडालेल्यांची नावं उद्या गोदीच्या फलकावर लागणार आहेत.

मग पफेटबाईंनी पत्रात डोकावून इतकंच म्हटलं, पुडिंगचं काय लिहिलंय, तेवढं वाचून टाक.

तुझी,
हेस्टरताई