शाळेसमोरच्या भिंतीबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा घरांना रंग देणे, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दडपणाला बळी न पडता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. दडपण नाही असं नाही. ते आत्ता दार बडवतंय आणि मला आई म्हणतंय.

१. माझी शिडी आणि ब्रश मुलाच्या मुलीला, म्हणजे माझ्या नातीला. नवरा तंबाखूपायी भर तारुण्यात गेला, तेव्हा याच शिडीने घर चालवलं. ती उघड्यावर टाकू नये.

२. घराच्या दोन्ही खोल्या मुलाला. मात्र शाळेच्या फाटकासमोरची भिंत, बाहेरच्या अंगाने, नात आणि तिच्या शाळेतल्या मंडळींकडे राहील. ती सज्ञान होईपर्यंत शेजारच्या नर्सताईंनी लक्ष ठेवावं. भिंतीवर पुन्हा तंबाखूची जाहिरात आली, तर त्या दिवसापासून खोल्याही नातीच्या.

खुलासा असा: मुलाने मला न विचारता ही भिंत तंबाखूच्या एजंटाला दिली. त्याने तिच्यावर हातभर पुडी रंगवली. नातीने आणि तिच्या शाळेतल्या पोरांनी रविवारी येऊन त्यावर चुना फासला. ऑइलपेंटवर चुना! चार दिवसांत पापुद्रे सुटले आणि पुडी पुन्हा दात काढून हसायला लागली.

"अगं, मला विचारायचं तरी! आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग प्रायमर मारायचा," मी नातीला म्हटलं.

"तुला विचारलं असतं तर बाबांना कळलं असतं," नात म्हणाली.

ते मला फार लागलं. मी खुर्ची टाकून बसले आणि पोरांकडून भिंत घासून घेतली. आता तिथे लिहिलंय, 'शाळेजवळ तंबाखू विकू नका.' ओळ जरा वर चढलीये, चालेल.

३. उद्या नगरपालिकेच्या सभेत पोरं हेच मागायला उभी राहणार आहेत. काल एजंट येऊन म्हणाला, "आजी, पोरांना आवरा. रस्त्यात कुणाचा हातपाय मोडायचा." नर्सताईंनी हे ऐकलं आहे. एकाही पोराच्या केसाला धक्का लागला, तर हे कलम माझ्या मरणाची वाट न बघता पोलिसांना द्यावं.

४. आता मुलाला, खोल्यांखेरीज. काल तू ओरडत होतास, "तू डोळे मिटलेस की भिंत माझीच आहे!" मी ऐकत नव्हते, तुझं तोंड बघत होते. एवढं ओरडतानाही ते नीट उघडत नव्हतं. तुझीच मुलगी घरोघर सांगत फिरते की तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत, नाहीतर डॉक्टर गाठा. तुझी दोनसुद्धा जाणार नाहीत. तुझ्या बापाचं असंच सुरू झालं होतं. मी घाबरले आहे रे.

म्हणून शेवटची अट. खोल्या हव्या असतील तर आधी डॉक्टरांसमोर तोंड उघड. सही झाली की मी तुला घेऊन निघणार. दवाखाना सहापर्यंत उघडा असतो. भिंतीचं भांडण वाटेत करू.

सही: लिहून ठेवणारी, मुलाची आई

साक्षीदार, माझ्यादेखत सह्या केलेले:
१. कोपऱ्यावरचे घड्याळजी
२. नर्सताई (पायात चप्पल घालून तयार)

स्थळ: राहते घर
दिनांक: सभेच्या आदला दिवस, दुपार